खांदेरीची किंमत कोणी ठरवली?

सॉलोमन बेटे, किरिबाती, नौरू ही नावे गेल्या काही वर्षांत मराठी वर्तमानपत्रांतही दिसू लागली आहेत. सॉलोमन बेटांनी एप्रिल २०२२मध्ये चीनशी सुरक्षा करार केला, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेची झोप उडाली, आणि आपल्याकडे एक ठरावीक उत्तर तयार झाले. प्रशांत महासागरातली ही बेटे मोक्याच्या जागी आहेत, भोवती मासळी आणि खनिजे आहेत, म्हणून बड्या सत्तांना ती हवी आहेत. बेटांवरची माणसे मूठभर आणि गरीब, तेव्हा त्यांचे काही चालत नाही. बळी तो कान पिळी. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात हे उत्तर पाच गुणांना पुरते. अग्रलेखातही तेच असते, फक्त जरा फुगवून.

मला हे उत्तर पटत नाही. मोका हा बेटाच्या अंगचा गुण आहे, खडकासारखा तो तिथे पडूनच असतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे. आणि घोडे पेंड खाते ते इथेच. बेट शतकानुशतके जागचे हलत नाही. मग एकाच बेटाकडे कोणी शंभर वर्षे ढुंकून पाहत नाही आणि एका पावसाळ्यात त्याच्यापायी तोफा डागल्या जातात, हे कसे?

आमचे मलकापूर समुद्रकाठचे गाव नव्हे. समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठावी लागते. तरीही या वादाचा निकाल आपल्या मुलखातल्या पुराव्यावर लावता येतो, असे माझे म्हणणे आहे. विशाळगडच्या पंत प्रतिनिधींची गादी गडावरून उतरून मलकापुरात का आली, आणि बिकिनी बेटावरची माणसे १९४६मध्ये जहाजात का बसवली गेली, या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे. पण त्याआधी खांदेरी.

मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे आहेत. १६६५मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आली तेव्हाही खांदेरी तिथेच होती. जहाजांच्या वाटेवर, बंदरावर नजर ठेवायला सोयीची. मोक्याच्या जागेची म्हणून जी लक्षणे आज सांगतात ती सगळी तिच्या ठायी होती. तरी इंग्रजांनी तिथे ठाणे बसवले नाही. त्यांच्याआधी शतकाहून अधिक काळ मुंबईत असलेल्या पोर्तुगीजांनीही तिला तट घातला नव्हता. १६७२मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे बांधकामाचा घाट घातला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी या दोघांचीही आरमारे आडवी आली आणि काम थांबले. आता जागा खरोखरच मोलाची वाटत असती, तर इंग्रजांनी लगोलग तिथे निशाण रोवायला हवे होते. पुढची सात वर्षे त्यांनी ते केले नाही. मराठे नाहीत ना तिथे, मग झाले.

१६७९च्या पावसाळ्याच्या अखेरीस महाराजांचा मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि दगड रचायला लागला. आता मात्र मुंबईकर इंग्रजांना आठवले की हे बेट मुंबईचे आहे. त्यांनी निरोप धाडला: बेट सोडा. मालकाच्या हुकुमावाचून हलणार नाही, असे उत्तर आले. इंग्रजांनी शिबाडे पाठवून नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ ही मोठी लढाऊ नौका आली, कॅप्टन केग्विन आला. १८ ऑक्टोबरला मराठी आरमाराच्या दौलतखानाच्या गलबतांशी लढाई झाली. इंग्रजांची ‘डव्ह’ ही नौका मराठ्यांनी धरली, बाकीच्या बहुतेक पळाल्या, आणि एकट्या ‘रिव्हेंज’ने तोफांच्या बळावर मराठी आरमार मागे रेटले. लढाई कोणी जिंकली यावर दोन्हीकडचे लोक आजही भांडू शकतात. मला महत्त्वाचे वाटते ते रात्रीचे काम. थळहून मराठ्यांच्या उथळ तळाच्या होड्या अंधारात निघत, वारा कसाही असो, वल्ह्यांवर सरळ बेट गाठत आणि दाणागोटा, चुना, माणसे उतरवून उजाडायच्या आत परतत. इंग्रजांच्या जड जहाजांना वाऱ्याची मर्जी राखावी लागे. ती वळेपर्यंत होडी बेटाच्या आडोशाला गेलेली असे. म्हणजे त्या जागेचा मोकाही सगळ्यांना सारखा नव्हता. थळचा किनारा आणि वल्ह्याची होडी ज्याच्या हातात, त्याच्यासाठी तो होता.

खरी गंमत पुढे आहे. नोव्हेंबरात जंजिऱ्याचा सिद्दी कासम आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. दोन मित्र, शत्रू एक, बेट एवढेसे. काम फत्ते व्हायला हवे होते. पण बेट जिंकले तर सिद्दी ते स्वतःकडेच ठेवणार, हे इंग्रजांच्या ध्यानात आले आणि त्यांचा उत्साह ओसरला. सुरतेच्या वरिष्ठांना खर्चही झेपत नव्हता. १६८०च्या आरंभी इंग्रजांनी काढता पाय घेतला आणि महाराजांशी तह केला. सिद्दी काय करून बसला? त्याच जानेवारीत त्याने शेजारची उंदेरी घेऊन तिथे तोफा चढवल्या. तोवर उंदेरीला कोणी विचारत नव्हते. समोरच्याकडे खांदेरी आली, म्हणून उंदेरीला किंमत आली. आधी हवेसे वाटणे आणि मग चढाओढ, असा हा क्रम नाही. चढाओढ आधी आहे.

मुंबईचेही तेच. इंग्लंडच्या राजाला ती १६६१च्या लग्नाच्या करारात मिळाली. गोव्याचा पोर्तुगीज विजरई आंतोनियु द मेलु इ कास्त्रु तिचा ताबा द्यायला वर्षानुवर्षे टाळाटाळ करत होता. इंग्रज मुंबईत बसले की आपले हिंदुस्थानातले राज्य बुडाले, असे तो आपल्या राजाला कळवत होता. आणि ज्याला ती मिळाली त्या दुसऱ्या चार्ल्सने १६६८मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातली, कारण त्याला ती खर्चाची बाब होती. बेट एक, वर्षे तीच; एकाला राज्य बुडवणारे, दुसऱ्याला दहा पौंडांचे. सिंधुदुर्गाची गोष्ट तर आपल्या कोल्हापूरच्याच घरातली. १७६५मध्ये इंग्रजांनी तो घेतला, कायमचा ठेवायच्या इराद्याने त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले, आणि वर्षभरातच त्यांना उमगले की यात प्राप्ती नाही, पाडायचा म्हटले तर तट पडत नाहीत. जिजाबाई राणीसाहेबांच्या दरबाराकडून पैसे आणि वचने घेऊन त्यांनी तो परत केला. सामरिक महत्त्वावर लेखमाला लिहिणाऱ्यांनी हा व्यवहार एकदा वाचावा.

आता संपत्तीचा मुद्दा. तो मी उडवून लावणार नाही, कारण काही ठिकाणी तो खरा आहे. नौरू आणि बनाबा या बेटांवर फॉस्फेट होते आणि त्यासाठीच ती खरवडली गेली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची कुरणे त्या खतावर पोसली. बनाबाच्या लोकांना १९४५च्या डिसेंबरात उचलून फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवले. बनाबाचे फॉस्फेट १९७९मध्ये संपले आणि बनाबा ज्याचा भाग आहे त्या किरिबातीला त्याच वर्षी जुलैत स्वातंत्र्य मिळाले. हा योगायोग मानायला भाबडेपणा लागतो. पण अशी बेटे बोटांवर मोजण्याजोगी आहेत. प्रशांतातल्या शेकडो बेटांवर नारळ आणि पक्ष्यांची घरटी यांपलीकडे काही नव्हते, आणि तरी त्यांच्यावर निशाणे फडकली.

हाउलँड बेट घ्या. विषुववृत्ताजवळ, पाणी नाही, झाड नावाला. अमेरिकेने १८५६मध्ये कायदा केला की पक्ष्यांच्या विष्ठेचे खत असलेले बेवारस बेट कोणा अमेरिकन माणसाला सापडले तर ते अमेरिकेचे समजावे. त्या कायद्याखाली हाउलँडवर दावा लागला, खत काढले, खत संपले, माणसे निघून गेली. संपत्तीच्या सिद्धान्ताप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी. ती १९३५मध्ये पुन्हा सुरू झाली. विमाने महासागर ओलांडू लागली होती, आणि हाउलँड व आसपासच्या बेटांवर ब्रिटिशांचाही डोळा होता. अमेरिकेने होनोलुलूच्या कमेहमेहा शाळेतली तरुण पोरे पाण्याच्या पिंपांसकट त्या उघड्या बेटांवर नेऊन सोडली. हवामानाच्या नोंदी करा, मासे धरा, आणि मुख्य म्हणजे तिथे राहा. दावा पक्का व्हायला वस्ती लागते. १९३७मध्ये वैमानिक अमेलिया इअरहार्टसाठी हाउलँडवर धावपट्टी तयार केली. ती विमानातून निघाली, पण तिथे पोहोचली नाही. १९४१च्या डिसेंबरात जपानी बाँब पडून त्या पोरांपैकी दोघे मेले. पुढे लांब पल्ल्याची विमाने आली, मध्ये उतरायची गरज उरली नाही. आज तिथे कोणी राहत नाही. मॅहनसारख्या आरमारी विचारवंतांनी १८९०च्या सुमारास कोळशाच्या ठाण्यांचे महत्त्व जगाला पटवले होते. जहाजे तेलावर गेल्यावर ती ठाणी काय कामाची राहिली? जागा तीच राहते. वाहन बदलते आणि वैरी बदलतो.

एवढ्याने माझे अर्धेच म्हणणे झाले. किंमत बेटात नसून मागणाऱ्यांच्या आपसातल्या धास्तीत असेल, तर छोट्या जागेच्या धन्याला त्या धास्तीवर भाव करता आला पाहिजे. तसा तो करता येतो. म्हणून बळी तो कान पिळी हे निदान मला सर्वांत कच्चे वाटते.

विशाळगड हे समुद्रातले बेट नसले तरी सह्याद्रीच्या रानातले बेटच आहे. आंबा आणि अणुस्कुरा या घाटांच्या मधल्या जंगलात तो उभा आहे. राजापूर बंदरातला माल अणुस्कुऱ्याने वर चढे, म्हणून त्या वाटांवर नजर ठेवणारी जागा प्रत्येकाला हवी होती. त्याचे जुने नाव खेळणा. बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार १४५३मध्ये या जंगलात फौजेनिशी शिरला आणि परतला नाही. स्थानिक सरदार शिर्क्याने वाट दाखवतो म्हणून त्याला कसे अडचणीत नेले, ते इतिहासकार फिरिश्त्याने रंगवून लिहिले आहे. पुढे गड महमूद गवानने घेतला, आदिलशाहीकडे गेला, १६५९मध्ये महाराजांनी घेतला. पन्हाळ्याहून महाराज निघाले, बाजीप्रभू खिंडीत पडले, ते याच गडापर्यंत पोहोचण्यासाठी. ते सांगायला नको.

१७०१च्या डिसेंबरात औरंगजेबाची फौज आंबा घाटाच्या वाटेने या गडाला भिडली. बादशहा ऐंशी ओलांडलेला. सहा महिने वेढा चालला. गडात ना खाण, ना खजिना. १७०२च्या जूनमध्ये पावसाला तोंड लागले तेव्हा शहजादा बेदारबख्ताच्या मध्यस्थीने सौदा ठरला: परशुराम त्रिंबक प्रतिनिधींनी दोन लाख रुपये घेतले, आपली माणसे सहीसलामत खाली उतरवली आणि गड दिला. बादशहाने गडाचे नाव सख्खरलना ठेवले आणि परत निघाला. विशाळगड ते पन्हाळा अंतर तीसेक मैल. शाहूवाडीचा जून-जुलै ज्याने भोगला आहे त्याला पुढचे सांगावे लागत नाही. ओढे फुगलेले, तोफांचे गाडे चिखलात, हत्ती-उंट मरतात, आणि एवढ्या वाटेला महिन्याहून जास्त लागला. औरंगजेबाच्या मृत्यूच्या आगेमागे मराठ्यांनी गड परत घेतला. त्या वर्षांत असे बरेच गड मोगलांनी रोख मोजून घेतले आणि पुढे गमावले. हिशेब मांडला तर कान कोणी कोणाचा पिळला?

जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी तर या हिशेबावर संस्थान चालवले, तेही थेट १९४८पर्यंत. आदिलशाही खचू लागली तसे ते मोगलांकडे गेले. पावसाळ्यात आरमार मुंबईच्या बंदरात आणून बसवत. इंग्रजांना ते नकोसे असे, कारण त्यापायी मराठ्यांशी वैर वाढे. पण नाही म्हणावे तर सुरतेतली वखार मोगलांच्या हातात. मूठभर माणसांच्या त्या खडकाने तीन सत्तांना एकमेकींच्या भीतीवर खेळवले. मलकापूरपासून आंब्यापर्यंत महामार्गाच्या कडेला जमीन असलेल्या कोणालाही हे गणित तोंडपाठ आहे: दुसरे गिऱ्हाईक गावात आल्याचे कळले की गुंठ्याचा भाव आपोआप चढतो.

आणि गिऱ्हाईक एकच उरले की? १८१८ला पेशवाई गेली. मोगल नावाला, पोर्तुगीज गोव्यात आकसलेले. १८४४मध्ये कोल्हापूर राज्यातल्या गडकऱ्यांनी बंड केले; सामानगड, भुदरगड पेटले, पन्हाळ्यावर रेसिडेंट ओव्हान्सला कोंडून ठेवले. कंपनीच्या फौजेने एकेक गड मोडून काढला. बहामनींना नमवणारा, औरंगजेबाकडून दोन लाख वसूल करणारा विशाळगड या वेळी कोणाला विकता येणार नव्हता, कारण समोर एकच सत्ता होती आणि तिला तो स्वतःसाठीही नको होता. तिने त्याची तटबंदी पाडून टाकली. प्रतिनिधींचा कारभार मलकापुरात आला. आमच्या गावाला जहागिरीच्या राजधानीचा मान मिळाला तो या पडझडीतून.

बिकिनीचे तेच झाले. बिकिनी ज्यांत मोडते त्या मार्शल बेटांवर आधी जर्मनी होती, मग जपान. १९४६मध्ये जपान कोसळलेला, आणि प्रशांतात बेट मागायला येईल अशी दुसरी आरमारी सत्ता नव्हती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेने १६७ लोकांना बिकिनीवरून हलवले आणि १९५८पर्यंत तिथे २३ अणुस्फोट केले. त्यांनी कोणाकडे दाद मागायची होती?

माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे: सामोआ. तिथे एक सोडून तीन गिऱ्हाइके होती, जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन. मार्च १८८९मध्ये आपिया बंदरात तिघांच्या मिळून सात युद्धनौका एकमेकींवर डोळे वटारून उभ्या होत्या. वादळाची चिन्हे दिसत होती, पण मी हललो तर तो बेट घेईल, म्हणून कोणी बंदर सोडले नाही. वादळ आले, जर्मनीच्या तीन आणि अमेरिकेच्या तीन नौका फुटल्या किंवा किनाऱ्यावर आपटल्या, एकटी ब्रिटिश ‘कॅलिओपी’ कशीबशी खुल्या समुद्रात निसटली. माझ्या पहिल्या म्हणण्याला याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही. पण मग सामोआच्या लोकांना भाव मिळाला का? नाही. १८९९मध्ये तिघांनी आपसात बसून वाटणी केली. पश्चिमेची बेटे जर्मनीला, पूर्वेची अमेरिकेला, ब्रिटनला दुसरीकडे मोबदला. सामोआच्या माणसाला विचारले नाही. म्हणजे दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ ही म्हण भांडण चालू असेपर्यंतच खरी. गिऱ्हाइकांनी संगनमत केले की धनी पुन्हा उघडा पडतो. हा अपवाद मी मान्य करतो. त्याने माझे म्हणणे मोडत नाही, त्याला अट लागते. खांदेरीवर इंग्रज आणि सिद्दी यांचे असे जमले असते, तर मायनाकाचे काय झाले असते सांगता येत नाही. ते जमले नाही.

आज प्रशांतात संगनमत नाही, म्हणून तिथले देश भाव करत आहेत, आणि आपले अग्रलेख त्यांना अजून बिचारे म्हणत आहेत. समुद्रकायद्याच्या १९८२च्या करारामुळे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर त्यांचा हक्क मान्य झाला. जमीन ८११ चौरस किलोमीटर असलेल्या किरिबातीकडे ३५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास समुद्र आला. आठ देशांनी एकत्र येऊन ट्यूना पकडायला येणाऱ्या परदेशी जहाजांना दिवसांच्या हिशेबाने परवाने विकायला सुरुवात केली. एका जहाजाच्या एका दिवसाला आठ हजार डॉलरच्या आसपास. एकेकटे विकत होते तेव्हा जहाजवाले त्यांना एकमेकांविरुद्ध वापरत. आता फासा उलटला. तुवालुने नोव्हेंबर २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला: वर्षाला २८० तुवालुवासीयांना ऑस्ट्रेलियात राहायची मुभा, आणि बदल्यात दुसऱ्या कोणाशी सुरक्षा करार करायचा तर ऑस्ट्रेलियाची संमती. हा तोट्याचा सौदा आहे असे म्हणणारे तुवालुतही आहेत. तोट्याचा असेलही. पण सौदा आहे.

आपण या बाजारात नुसते प्रेक्षक आहोत असेही नाही. प्रशांतातल्या चौदा बेटराष्ट्रांशी भारत २०१४पासून परिषदा भरवतो; २०२३ची पोर्ट मोर्सबीला झाली. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने बांधून दिलेली धावपट्टी फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली. हिंदी महासागरात चिनी नौका फिरू लागल्या नसत्या, तर अगालेगाचे नाव दिल्लीत किती जणांना ठाऊक असते?

शेवटी नौरू, कारण पूर्वपक्षाचा सगळा जोर त्याच्यावर असतो. एकवीस चौरस किलोमीटर, बारा हजारांच्या आसपास माणसे, फॉस्फेट जवळजवळ संपलेले. संपत्तीच्या सिद्धान्ताने पाहिले तर हे चिपाड आहे. या देशाने २००२मध्ये तैवानला सोडून चीनला मान्यता दिली, २००५मध्ये चीनला सोडून पुन्हा तैवानला, आणि जानेवारी २०२४मध्ये, तैवानच्या निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी, पुन्हा चीनला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाने नौरूशी करार करून पाच वर्षांत दहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचे कबूल केले.